फोडणीवर टांगलेला प्रोजेक्टर

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि सध्या एका स्वयंपाकघराच्या छताला उलटा टांगलेला आहे. हसू येत असेल तर खुशाल हसा. माझ्या बरोबर खाली गॅसची शेगडी आहे, डावीकडे तिखटामिठाचे डबे आणि उजवीकडे मोरी. पण मला इथे कोणी अडगळ म्हणून ठेवलेलं नाही. माझ्यासाठी या घरातली एक भिंत फोडली आहे. किती प्रोजेक्टरांना असा मान मिळतो ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. काचा बसवल्या, पंखा बसवला, दिवा लावून पाहिला आणि खोक्यात कोंबलं. मला खरी समज आली ती छत्रपती संभाजीनगरातल्या एका शिकवणी वर्गात. तिथल्या सभागृहात दोनशे मुलं बसायची. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही बेडकाच्या हृदयाचे कप्पे मोजता यायचे ते माझ्यामुळे. सर मुलांना सांगायचे, "हा आहे म्हणून तुम्ही डॉक्टर होणार." मी सात वर्षं राबलो. त्यातली किती मुलं डॉक्टर झाली ते मला कोणी कळवलं नाही. आठव्या वर्षी तिथे चकचकीत एलईडी फळा आला आणि त्याच दिवशी मला खाली उतरवलं. साधं फडकंसुद्धा मारलं नाही. दीड वर्ष मी झाडूंच्या कपाटात काढलं. मग पोत्यात घालून माझी रवानगी शहागंजला झाली, जुन्या मिक्सरांच्या आणि बंद पडलेल्या पंख्यांच्या दुकानात.

अशा वेळी आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने उसासा टाकावा अशी रीत आहे. मी टाकणार नाही. मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. माझा दिवा शाबूत होता, काचेवर एक ओरखडा नव्हता, आणि तरी शेजारचा गंजलेला पंखा आणि मी एकाच भावात विकायला होतो.

एका रविवारी सकाळी तिथे सम्यक आला. तिशीतला माणूस, बिडकीनकडच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. त्याने मला उचलून खालून वरून पाहिलं, जाळीत फुंकर मारली आणि दुकानदाराला मला लावून दाखवायला सांगितलं. दुकानदाराने अर्धं शटर खाली ओढलं आणि मी त्यावर चित्र टाकलं. दीड वर्षांनी उजेड पडला होता. मी जरा जास्तच झळकलो असेन.

"चीज बढिया है," दुकानदार म्हणाला, "पर ये हॉल का माल है भाई. कमरा कित्ता बडा है तुम्हारा?"

"दहा बाय नऊ."

"फिर नक्को ले जाओ. इत्ते कमरे में इसका काम नै."

माणूस प्रामाणिक होता, पण मला त्याचा संताप आला. मी कुठे मावतो आणि कुठे नाही हे ठरवणारा हा कोण? सम्यक मात्र शांतपणे म्हणाला, "आईला दाखवायचंय," आणि मला मोटारसायकलवर पुढे घेऊन निघाला.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्यासाठीच घडली. तिचं नाव मुक्ताबाई. शाळेत मुलांची खिचडी शिजवण्यात तिची वर्षं गेली. तिची मुलगी रूपा त्याच शाळेच्या मैदानावर खो-खो शिकली. चुलीची खोली मैदानाच्या कडेलाच होती, पण तिची भिंत मैदानाकडे आणि दार रस्त्याकडे. मुक्ताबाईला रोज "खो, खो" ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. पुढे रूपा तालुक्याला खेळली, जिल्ह्याला खेळली, राज्याच्या संघात गेली. सामने असायचे तेव्हा मुक्ताबाईला सुट्टी नसायची. काम सुटलं तेव्हा डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. त्यावर चष्म्याचा उपाय नव्हता. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ती स्वतः सांगायची, "तोंड बघाय गेलं की तोंडच जातं. कान तेवढे ऱ्हातात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वस्तू जितकी मोठी दिसेल तितकं बरं. आणि त्याच सुमारास बातमी आली की महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना टीव्हीवर दाखवणार आहेत. स्पर्धा पार आसामात होती. रूपाने फोनवर सांगून टाकलं, "आई, आम्ही फायनलला जाणार म्हणजे जाणार." घरात छोटा टीव्ही होता. मुक्ताबाई त्याला नाक लावून बसली तरी तिला मुंग्या धावल्यासारखं दिसायचं. मुलीचा खेळ जन्मात एकदा तरी बघायचा, एवढंच तिला हवं होतं आणि हातात वीस दिवस होते.

पहिल्या दिवशी सम्यकने मला खोलीत टेबलावर ठेवलं. मित्रांनो, माझं एक शास्त्र आहे, ते थोडक्यात सांगतो. मी भिंतीपासून जितका लांब, तितकं माझं चित्र मोठं. चौदा फूट मागे गेलो तर सात फूट रुंद चित्र पडतं. दहा फुटांच्या खोलीत माझं स्वतःचं अंग आणि मागच्या तारा सोडल्या की साडेआठ फूट उरतात, म्हणजे चित्र जेमतेम चार फुटांचं. त्यात मी खोलीच्या मधल्या वाटेवर. सम्यकचा बाप सखाराम उठताना माझ्यावर आदळला आणि म्हणाला, "घरात माणसं ऱ्हायची का मशीन?" मुक्ताबाई चित्राकडे मान तिरकी करून बघत होती. थोड्या वेळाने तिने मान हलवली. "डोकी कळतात. तोंडं नाय."

मग सम्यकने बोलावलेला राजकुमार नावाचा एक गृहस्थ आला. मोठ्या बंगल्यांमध्ये होम थिएटर बसवून देणं हा त्याचा धंदा. त्याने खिशातून लाल ठिपक्याचं माप काढलं, या भिंतीवरून त्या भिंतीवर ठिपका टाकला आणि चेहरा असा केला की जणू घरात कोणी आजारी आहे. त्याच्या मते या खोलीत एकच धड मोकळी भिंत होती, ती म्हणजे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असलेली. त्या उतरवल्या तर बघता येईल.

"त्या हलणार नायत," मुक्ताबाई म्हणाली.

"मग काकू, अवघड आहे. थिएटरला रूम लागते. ही तुमची रूम म्हणजे, राग मानू नका, आमच्या गिऱ्हाइकांचं कपड्याचं कपाट असतं एवढी." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे तर म्हातारं आहे. विकून टाका."

मला बोलता येत असतं तर मी त्याला सांगितलं असतं की म्हाताऱ्याचा दिवा अजून त्याच्या डोळ्यांत पाणी आणेल. पण मी फक्त पंखा फिरवू शकतो, तो मी जोरात फिरवला. राजकुमार चहा न घेता गेला. जाताना दारात त्याला शेजारच्या केसरबाई भेटल्या. त्यांनी कामून, म्हणजे कशासाठी, आलात असं विचारलं, आणि पाच मिनिटांत सगळ्या गल्लीला कळलं की सखाराम रंगाऱ्याच्या घरी थेटर होणार होतं ते रद्द झालं. केसरबाईंनी आत डोकावून म्हटलंही, "मुक्ताबाई, दहा फुटाच्या खोलीत कशाला गं एवढा थाट?"

"केसरबाई, डोळा एवढासा झाला म्हणून बघणं बी एवढंसंच करू का?" मुक्ताबाई म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

युक्ती सुचली ती सम्यकला. तो दोन दिवस टेप घेऊन फिरत होता. तसबिरींची भिंत सोडली तर आणखी एका भिंतीला फक्त लोखंडी कपाट होतं. ते सरकवलं की ती भिंत मोकळी. तिच्या बरोबर समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराची आडभिंत होती, चार इंचांची. आणि त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघराची सहा फूट जागा. आडभिंतीला वरच्या बाजूला, छताजवळ, दोन फूट रुंद आणि सव्वा फूट उंच खिडकी पाडली आणि मला स्वयंपाकघरात मागे टांगलं, तर माझ्या उजेडाला पुरते चौदा फूट मिळत होते. जुन्या टॉकीजमध्येही यंत्र भिंतीमागच्या खोलीतच असायचं. सम्यकने हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं.

अडचण सखारामची होती. तो पस्तीस वर्षं रंगकाम करणारा माणूस. ती आडभिंत त्याने स्वतः बांधली होती, स्वतः गिलावा केला होता आणि दरवर्षी स्वतः तिला चुना देत होता. "भिंतीला भोक पाडायचं ते कशासाठी, तर एका दिवसाच्या खेळासाठी," तो म्हणाला. "वरची वीट निसटली तर? लोकं काय म्हणतील, रंगाऱ्याच्याच घराला खिंडार." सम्यक वाद घालू लागला. बाप-लेकांचा आवाज चढला. मी टेबलावर बसून ऐकत होतो आणि मला कळून चुकलं की आता मी पुन्हा पोत्यात जाणार.

तेव्हा मुक्ताबाई भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आली.

"अहो, माझं ऐका. शाळेत पोरगी तिकडं खेळायची आन् मी भिंतीच्या इकडं खिचडी ढवळायची. एवढी वरसं नुसतं ऐकलं. त्या भिंतीला मी काय करू शकले नाय, ती सरकारची व्हती. ही तर आपली हाय ना?"

सखाराम उठला. त्याने पायरीवर जाऊन तंबाखू मळली, ती न खाता टाकून दिली आणि आत येऊन छन्नी-हातोडा काढला. "सम्या, शिडी धर," तो म्हणाला. "पहिली वीट मीच काढतो. तू काढशील तर आख्खी भिंत पाडशील."

दोन दिवसांत खिडकी झाली. वर लोखंडी पट्टी टाकली, कडा गिलाव्याने अशा साफ केल्या की रंगाऱ्याच्या घराला शोभेल. मला छताला उलटा टांगलं. घाबरू नका, मोठ्या प्रोजेक्टरांना उलटंच टांगतात, आम्हाला त्याची सवय असते. सवय नव्हती ती फोडणीची. पहिल्याच संध्याकाळी मुक्ताबाईने तेलात लसूण आणि लाल तिखट टाकलं आणि तो सगळा धूर माझ्या जाळीतून थेट पोटात गेला. माझा पंखा ठसकला, उजेड पिवळा पडला. सम्यकने धावत येऊन मला बंद केलं. त्यानंतर घरात नियम झाला: प्रोजेक्टर चालू असताना फोडणी नाही, आणि फोडणी चालू असताना माझ्या तोंडावर जुन्या उशीचा अभ्रा. खिडकीला काचही बसवली, म्हणजे धूर खोलीत आणि डोळ्यांत जाणार नाही. सात वर्षं सभागृहात मला कोणी एवढं जपलं नव्हतं.

आता चूक सांगतो. ती माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

सखारामला वाटलं, एवढं सगळं सम्यकने केलं, आपल्या हातून काहीतरी व्हावं. ज्या भिंतीवर चित्र पडायचं ती भिंत त्याने खरवडली आणि तिला नवा चुना दिला. तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, चुना नुसता दिला तर जरा पिवळट दिसतो. म्हणून जुने रंगारी त्यात चिमूटभर नीळ घालतात, आपण पांढऱ्या कपड्यांना घालतो तीच. सखारामने बायकोसाठी हात सैल सोडला आणि चिमटीऐवजी मूठभर घातली. भिंत वाळली तेव्हा दिवसाच्या उजेडात अशी पांढरीशुभ्र दिसली की केसरबाईही बघून गेल्या.

संध्याकाळी सम्यकने रूपाचा मागच्या वर्षीचा एक सामना लावला. मी पूर्ण ताकदीने चित्र टाकलं. सात फूट रुंद. मुक्ताबाई उठून भिंतीजवळ गेली तेव्हा तिचीच सावली मुलीवर पडली, म्हणून तिला पाट दिला. पाटावर बसलं की डोकं चित्राच्या खाली राहतं. ती भिंतीपासून दीड हातावर बसली, मान तिरकी केली, कडेच्या नजरेने बघू लागली. तेवढ्यात रूपाचा चेहरा भिंतभर आला. आयुष्यात पहिल्यांदा ती खेळणाऱ्या मुलीचा चेहरा बघत होती. आणि तिचा हात एकदम छातीवर गेला.

"पोरगी आजारी हाय. ओठ बघा तिचे. निळे पडलेत."

ओठ निळे होते, गालही राखाडी होते. पंच, प्रेक्षक, सगळेच थंडीत काकडल्यासारखे. सम्यक माझ्या बटणांशी झटापट करू लागला. मुक्ताबाईने तोवर संघाच्या सराव शिबिरात असलेल्या रूपाला फोन लावून घेतला होता. "आई, मी ठणठणीत आहे," रूपा म्हणाली, आणि तिच्या मागे मैत्रिणी हसत होत्या. मुक्ताबाईला पटेना. सम्यक म्हणाला, प्रोजेक्टर म्हातारा झालाय, रंग गेलेत त्याचे. मी चिडून लाल झालो असेन, पण त्या भिंतीवर तोही रंग जांभळाच दिसला असता.

सखाराम भिंतीकडेच बघत होता. मग तो पुढे गेला, अंगठा ओला करून भिंतीवर घासला आणि अंगठ्याकडे बघितलं.

"मशीनचा दोष नाय," तो म्हणाला. "नीळ."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी भिंत पुन्हा खरवडली आणि नुसता चुना दिला, थोडा डिंक घालून. जन्मभर ज्या कामाची शाबासकी मिळवली तेच काम त्याला स्वतःच्या घरात उलटं करावं लागलं. संध्याकाळी रूपाचे ओठ ओठांच्या रंगाचे झाले. पण त्या दिवसापासून मुक्ताबाईला चिडवायला घरात एक विषय मिळाला. भात करपला का गं, असं तिने विचारलं तरी सम्यक म्हणायचा, "नीळ असेल आई."

रूपाचा संघ खरोखरच अंतिम सामन्यात गेला.

सामना दुपारी चारला होता. सम्यकने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खोलीच्या बाहेरच्या खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून तिला जाड वाकळ टांगली. दार लावलं. केसरबाई, त्यांची सून, समोरचे दोघे-तिघे, मिळून आठ माणसं त्या दहा फुटांत बसली. पाटावर मुक्ताबाई, सगळ्यांच्या पुढे. सकाळी सम्यकने माझी जाळी ब्रशने झाडली होती. घरात फोडणी नव्हती, दुपारी सगळ्यांनी दही-पोहे खाल्ले. मी स्वतःशी ठरवलं होतं की दिवा फुटला तरी बेहत्तर, पण आज अंधुक व्हायचं नाही.

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मैदानात ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळते आणि बसलेल्या एखादीला पाठीवर खो देते. रूपा चौथ्या चौकोनात बसली होती. खेळ सुरू झाला आणि खोलीतली सगळी डोकी धावणारीबरोबर इकडून तिकडे वळू लागली. ज्यांचे डोळे चांगले होते ते धावणारीकडे बघत होते. मुक्ताबाई एकटीच बसलेलीकडे बघत होती.

"तिचा पाय दुखतोय," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. रूपाला खो मिळाला, ती उठली, धावली, दोन वळणांत तिने समोरचीला गाठलं. खोलीत टाळ्या पडल्या.

"सम्या, डावा पाय. उठताना हात टेकतीय ती. बाकीच्या टेकत नायत."

"आई, पळाली ना कशी? बघितलंस ना?"

"पळताना नाय. उठताना बघ."

"परत नीळ दिसाय लागली का गं तुला?" सखाराम म्हणाला आणि सगळे हसले. केसरबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मुक्ताबाई पाटावरून जरा पुढे सरकली, इतकी की तिचा श्वास चुन्याला लागत असेल.

खरं सांगतो मित्रांनो, मलाही काही दिसलं नव्हतं. सगळं माझ्या काचेतूनच जातं, पण मी दाखवणारा, बघणारा नव्हे. माझं काम एवढंच होतं की रूपाचा गुडघा तिथे हाताएवढा दिसावा. तो मी दाखवत राहिलो.

रूपाचा संघ दोन गुणांनी जिंकला. खोलीत जे काय झालं ते विचारू नका. सखाराम सम्यकला मिठी मारून रडला, केसरबाईंनी मुठीने साखर वाटली, कोणीतरी वाकळ खाली ओढली आणि ऊन आत आलं तरी माझ्या भिंतीवर मुली एकमेकींच्या अंगावर पडताना दिसत होत्या. मुक्ताबाई पाटावरच बसून होती. तिने टाळी वाजवली नाही. सम्यक तिच्याशेजारी बसला. "आई, खूश नाहीस का?" ती म्हणाली, "तिचा फोन येऊ दे."

फोन तासाभराने आला. सम्यकने आवाज मोठा केला. सगळे दूर सरले.

"आई, बघितलंस? दिसलं तुला?"

"बघितलं. डावा गुडघा कधीपासून दुखतोय?"

तिकडे मागे गाण्यांचा आणि ढोलाचा गोंगाट होता. मग रूपा हळूच म्हणाली, "दादाने सांगितलं का?"

"दादाला कुठं दिसलं. तुझ्या बापालाबी नाय."

"कोणालाच नाही दिसलं, आई. सरांनाही नाही." रूपाचा आवाज फुटला. "पाच महिने झाले. सांगितलं असतं तर संघातून काढलं असतं. गोळी घेऊन खेळत होते."

सखारामने सम्यकच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा पडला होता. तो काहीतरी बोलायला पुढे झाला, बहुधा 'आता बास कर खेळ' असंच, पण मुक्ताबाईने हाताने त्याला थांबवलं.

"रूपे, खेळ सोड म्हणत नाय मी. लपवणं सोड. इकडं ये, पाय दाखवू. बरा करू. मग खेळ."

"तुला खरंच दिसलं?" रूपा पुन्हा विचारत होती, रडत आणि हसत. "माझे आई, तुला तर ताटातली भाकरी दिसत नाही."

"भाकरी एवढीशी असती गं," मुक्ताबाई म्हणाली. "तू भिंतीएवढी व्हतीस."

रूपा आता घरी आहे. गुडघ्याच्या आतली दोरी अर्धी फाटली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक स्पर्धा खेळली असती तर पूर्ण तुटली असती. दोन महिने सक्तीचा आराम आहे. दुपारी मायलेकी दार लावून जुने सामने बघतात. मुक्ताबाई पाटावर, रूपा मागे पाय लांब करून. "हितं बघ," मुक्ताबाई बोट भिंतीवर टेकवून म्हणते, "उठायच्या आधी तू खांदा वळवतीस. पळणारीला कळतं." रूपा चित्र मागे घेते, पुन्हा बघते, पुन्हा मागे घेते आणि वहीत लिहून ठेवते. ज्या बाईने वर्षानुवर्षं खो फक्त ऐकला, ती आता राज्याच्या खेळाडूला चुका दाखवते. परवा रूपाच्या दोन मैत्रिणीही वही घेऊन आल्या होत्या.

मित्रांनो, शेवटी काही मागायचं असतं. माझं मागणं लहान आहे. जाळी महिन्यातून एकदा झाडा. बटण बंद केलं की पंखा थांबेपर्यंत वायर ओढू नका. माझा दिवा कधीतरी जाईल, तेव्हा नवा आणून बसवा. मी अजून पुष्कळ सामने दाखवणार आहे आणि मला पोत्यात जायचं नाही. कोणी येऊन म्हणेल की स्वयंपाकघरात कुठे प्रोजेक्टर असतो का, तर त्याला खुशाल माझ्याखाली उभं करून समोरची भिंत दाखवा.

आणि लहान खोलीतलं माणूस काही मोठं मागू लागलं, तर आधी त्याला विचारा, तुझं काय बघायचं राहून गेलंय. विचारायला वेळ नसेल तर तेही चालेल. नुसते बाजूला व्हा. भिंत आम्ही फोडू.